नवव्या रांगेतली मधली खुर्ची

१

बंद पडलेल्या थिएटरांचा इतिहास शिकलेल्या माणसानं लिहावा, असं गावातल्या चार शिकलेल्यांचं मत होतं. त्या चौघांनी तीन वर्षं बैठका घेतल्या, चहा प्यायला आणि मत तेवढं पक्कं केलं. तोवर कार्बनकाकांनी अकरा थिएटरं लिहून संपवली.

काका चौथीपर्यंत शिकलेले. अडतीस वर्षं एकाच थिएटरात ऑपरेटर होते. म्हणजे वर केबिनमध्ये बसून पडद्यावर सिनेमा दाखवणारा माणूस. जुन्या मशीनमध्ये कार्बनच्या दोन कांड्या जळायच्या आणि त्यांच्या उजेडावर सिनेमा चालायचा. कांड्या झिजतील तशा हातानं पुढे सरकवाव्या लागत. बोटं कायमची काळी. नाव त्यावरून पडलं. खरं नाव सरकारी कागदांवर तेवढं उरलं होतं.

त्यांची एक जाड वही होती. प्रत्येक थिएटराला दोन पानं. दारं किती, खुर्च्या किती, पडदा केवढा, पहिला खेळ कधी, शेवटचा कधी. नियम एकच. ज्याला हात लावला नाही ते लिहायचं नाही. ऐकीव गोष्ट आणि शिळा चहा त्यांना चालत नसे.

बारावं थिएटर त्यांचं स्वतःचं. ते त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. सगळ्या वहीत तेच पान सरस व्हावं, त्यावर कुणाला बोट ठेवता येऊ नये, एवढी एकच हाव त्यांनी उतारवयात धरली होती. थिएटर बंद होऊन दोन वर्षं झाली होती. येत्या सोमवारी सकाळी ते पाडणार होते. सोमवारी दुपारी वाचनालयाचा ग्रंथपाल वही छापायला देणार होता. आज बुधवार. हातात पाच दिवस आणि काम अर्ध्या दिवसाचं.

काका सकाळी दहाला गेले. रखवालदारानं दरवाजे उघडून दिले आणि स्टूल टाकून बाहेर उन्हात बसला. आत वीज नव्हती, पण मोठे दरवाजे उघडले की बाहेरचा उजेड पार पडद्यापर्यंत जाई. काकांनी मागच्या रांगेपासून सुरुवात केली. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर एक थाप, तोंडानं आकडा.

आकडा तसा त्यांना पाठ होता. दाराशी पत्र्याच्या पाटीवरच रंगवलेला होता. अठरा रांगा, रांगेत चौतीस खुर्च्या. सहाशे बारा. अडतीस वर्षं त्यांनी तो आकडा छातीठोकपणे सांगितला होता.

पडद्यापाशी पोचले तेव्हा तोंडातून निघालं, "सहाशे तेरा."

काका स्वतःवरच चिडले. पुन्हा मागे गेले. पुन्हा थापा. सहाशे तेरा.

तिसऱ्यांदा मोजायला वळले तेव्हा त्यांना ती खुर्ची दिसली. नववी रांग, बरोबर मध्ये. सगळ्या हॉलमध्ये तेवढ्या एकीचीच बैठक खाली होती.

त्या खुर्च्या स्प्रिंगच्या. माणूस उठला की बैठक आपोआप वर जायची आणि 'थप्' असा आवाज व्हायचा. शुकशुक्या म्हणून त्यांचा जुना डोअरकीपर होता, तो म्हणायचा, खाली राहिलेली खुर्ची एक तर मोडलेली, नाहीतर भरलेली.

काकांनी तिची बैठक हातानं वर ढकलली. स्प्रिंग चांगली ताठ होती. थप्.

"मोडलेली तर नाही," ते स्वतःशी म्हणाले, आणि मग आपण हे का बोललो म्हणून आणखी चिडले.

२

"अण्णा, सहाशे बारा काय आणि सहाशे तेरा काय," मुलगा म्हणाला, "सोमवारी सगळं भंगारात जाणार. तुम्ही कुणाचं लग्न जमवताय का, एक कमीजास्त झाला तर अडायला?"

"तुला नाही कळायचं."

"मला नाहीच कळत. गुडघे दुखतात म्हणून बाजारात जात नाही, आणि तिथं अठरा रांगा तीनतीनदा तुडवता."

सून वही समोर घेऊन बसली होती. अक्षर तिचं चांगलं. काका सांगायचे, ती उतरवायची. तिनं पेन वर धरलं. "अण्णा, मग रकान्यात काय घालू?"

"काही नको. मोकळा ठेव."

"पाटीवर सहाशे बारा आहेत ना? तेच लिहू या."

"पाटीला मी हात लावला, तर पाटीचा आकडा लिहीन. खुर्च्यांना हात लावला तर खुर्च्यांचा."

"मग सहाशे तेरा लिहू?"

लिहावं तर तसंच लिहायला हवं होतं. पण अठरा गुणिले चौतीस सहाशे तेरा होत नाहीत, हे चौथीतल्या पोरालाही कळतं, आणि काका चौथी शिकले होते.

"उद्या खडू घेऊन जातो," ते म्हणाले.

"जा, जा," मुलगा आतून म्हणाला. "खुर्च्यांची हजेरी घ्या."

३

गुरुवारी त्यांनी खडू, टेप आणि बॅटरी नेली. रखवालदाराला वाटलं होतं की म्हातारा कालच आटोपेल. त्याच्या कपाळावर आठी.

"काका, आज किती वेळ?"

"लागेल तेवढा."

"मी जेवायला कधी जायचं? तुम्ही कधी बाहेर पडता ते कळत पण नाही. काल मी तासभर थांबलो आणि तुम्ही केव्हाच गेलेले."

चूक काकांचीच होती. त्यांना जुनी सवय. केबिनमध्ये चढायला दोन वाटा होत्या. एक आतला जिना आणि एक मागच्या बोळात उतरणारा गोल लोखंडी जिना. ते काम संपलं की अडतीस वर्षं लोखंडी जिन्यानं परस्पर घरी जात. पण चूक कबूल करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"हे बघ," ते म्हणाले, "आमची इथली पद्धत सांगतो. खेळ सुटला की डोअरकीपर सगळा हॉल फिरून बघायचा. कुणी झोपलंय, कुणाचं पोर राहिलंय. सगळं रिकामं असलं की तो केबिनकडे दोनदा बॅटरी दाखवायचा. चमक, चमक. त्याचा अर्थ हॉल रिकामा. मग मी दिवे घालवायचो आणि खाली गेटवाला कुलूप लावायचा. कुणी कुणाला हाक मारायची नाही. समजलं?"

"म्हणजे मला दोनदा बॅटरी दिसली की..."

"कुलूप लाव आणि जा. माझी वाट बघू नको. मी मागून उतरेन."

"हे बेस," रखवालदार खूश झाला. "आधीच सांगायचं ना राव."

काका आत गेले. नववी रांग कालच्यासारखीच. मधली खुर्ची खाली. काल वर केलेली त्यांना पक्की आठवत होती. त्यांनी ती पुन्हा वर केली, थप्, आणि रागारागानं खडूचं काम सुरू केलं. एकेका पाठीवर आकडा. पहिली रांग एक ते चौतीस. दुसरी रांग एक ते चौतीस. आठव्या रांगेपर्यंत सरळ हिशेब.

नववीत डावीकडून सतरापर्यंत आले. मग त्यांनी उजव्या टोकाला जाऊन चौतीसपासून उलटे आकडे टाकत आणले. अठरा लिहिला आणि पुढच्या पाठीवर खडू टेकवला. तिच्या पलीकडे सतरा लिहिलेलं होतं.

सतरा आणि अठराच्या मध्ये एक बिनआकड्याची खुर्ची उरली.

काकांनी टेप काढली. एक खुर्ची वीस इंचांची. आठवी रांग भरली छप्पन्न फूट आठ इंच. नववीही छप्पन्न फूट आठ इंच. त्या मापात चौतीसच बसतात. बोटानं मोजल्या तर पस्तीस. एकेकीची रुंदी मोजली. प्रत्येक वीस इंच. मधली पण वीस.

टेप खोटं बोलत नाही. बोटही बोलत नाही. मग कोण बोलतं? ते टेप गुंडाळत उभे राहिले. त्यांना भीती वाटली नाही. अपमान वाटला. आपल्याच घरात कुणी आपल्याला भाडेकरू म्हणावं, तसा.

टेप गुंडाळून झाली तेव्हा मधली खुर्ची खाली आलेली होती. आवाज झाला नव्हता. खाली जाताना आवाज होतच नाही. माणूस बसताना कुठे होतो?

काकांनी बॅटरी दाखवली, दोनदा, आणि लोखंडी जिन्यानं बोळात उतरले.

४

शुक्रवारी ग्रंथपालाकडे गेले. तो सभ्य माणूस. खुर्ची दिली. काका बसले नाहीत.

"काका, 'सुमारे सहाशे' लिहा. छापायला तेवढं पुरतं."

"सुमारे म्हणजे?"

"म्हणजे अंदाजे."

"तुमच्या वाचनालयात अंदाजे किती पुस्तकं आहेत?"

"तसं नाही, पण..."

"सुमारे तुम्ही ग्रंथपाल आहात का?"

ग्रंथपाल हसला. काका हसले नाहीत. "पान पुरं नसेल तर छापू नका," ते म्हणाले. "अकरा छापा."

"तुमचंच थिएटर वगळून?"

काका वळून बाहेर पडले. पायऱ्या उतरताना त्यांना आपलाच संताप आला. अडतीस वर्षं जिथं घालवली त्याला दोन पानं मिळू नयेत, आणि तेही एका खुर्चीपायी. उभा जन्म गेला आणि आता कुणीतरी मधोमध ठाण मांडून बसलं होतं.

'कुणीतरी' हा शब्द मनात आला तसा त्यांनी तो झटकून टाकला.

५

शनिवारी ते शुकशुक्याकडे गेले. हा त्यांचा डोअरकीपर. हॉलमध्ये बोलणाऱ्यांना शुक् शुक् करण्यात त्याचं आयुष्य गेलं. आता तो लेकीकडे असे. पाय गेलेले, जीभ शाबूत.

"ये कार्बन," तो पलंगावरून म्हणाला. "अजून काळाच आहेस."

"तू अजून जिवंत आहेस का ते बघायला आलो."

"बघितलंस ना? आता बस."

काकांनी सगळं सांगितलं. कुणालाच सांगितलं नव्हतं तेही. खडू, टेप, खाली येणारी बैठक. शुकशुक्या ऐकताना हसत होता. नवव्या रांगेचं नाव निघालं आणि तो हसायचा थांबला.

"खुर्च्या कशाला मोजल्यास तू? आपण कधी खुर्च्या मोजल्या का? आपण माणसं मोजायचो."

"शेवटच्या खेळाला किती होती?"

"अकरा."

"अकरा गेली ना बाहेर?"

"मला काय माहीत?"

"काय माहीत म्हणजे? तू होतास ना दाराशी."

शुकशुक्यानं भिंतीकडे तोंड केलं. लेक आत भांडी घासत होती, तिचा आवाज येत राहिला.

"कार्बन, खरं सांगू? रागवू नको. मी इंटरव्हललाच घरी गेलो होतो. मालक आला, हार घालून फोटो काढायला लागला, मला बघवेना. म्हटलं, जळो मेलं. अकरा तर डोकी आहेत. तू वरून बघशीलच. तू रोज झरोक्यातून नजर टाकायचासच ना?"

रोज टाकायचे. त्या दिवशी नव्हती टाकली. त्यांनाही राग होता. खेळ सुटला, त्यांनी हॉलकडे न बघता मशीनवर कापड घातलं, डोळ्याच्या कोपऱ्यातून खूण दिसली, त्यांनी दिवे घालवले आणि लोखंडी जिना उतरले.

"पण तू बॅटरी दाखवलीस," काका म्हणाले.

"मी?"

"दोनदा. मी बघितली. चमक, चमक."

"मी घरी होतो रे. हिला विचार, माझ्या लेकीला. साडेसातला, खेळ सुटायच्या वेळेला, मी इथं ताटावर होतो."

भांड्यांचा आवाज थांबला. लेकीनं दारातून डोकावून मान हलवली. होते.

काकांना आता आठवलं. त्या दिवशी खूण दाराकडून आली नव्हती. हॉलच्या मधून आली होती. त्यांना तेव्हा शुकशुक्याचा रागही आला होता, की हा आज फिरायचं सोडून खुर्चीत बसून बॅटरी दाखवतोय.

"कार्बन," शुकशुक्या म्हणाला, "पान कोरं सोड. माझं ऐक."

"मी कुणाचं ऐकलंय कधी?"

"नाही ऐकलंस. म्हणून तर सांगतोय."

६

रविवारी दुपारी थिएटरासमोर ट्रक उभा होता. भंगारवाल्यानं सकाळपासून खुर्च्या उपटून भरल्या होत्या. शेवटची रांग दोरानं आवळत तो काकांना म्हणाला, "सहाशे बारा भरल्या. मोजून. पाटीवर पण तेवढाच आकडा आहे."

काकांच्या छातीवरचा दगड उतरला. सहाशे बारा. परक्या माणसानं, हात लावून मोजलेल्या. त्यांनी खिशातून पेन काढलं. वही आज ते बरोबर घेऊन आले होते. आपलं पान आपल्या हातानं पुरं करायचं, अक्षर वेडंवाकडं आलं तरी, असं त्यांनी ठरवलं होतं.

"एक राहिलीय आत," भंगारवाला म्हणाला. "मधली. तिला बोल्टच नाहीत खाली. नुसती ठेवलेली आहे. पण दोघांनी जोर लावला तरी हलेना. म्हटलं जाऊ दे, उद्या मशीन काढेल."

पेन हातातच राहिलं.

तिथून परतायचं, रकान्यात सहाशे बारा लिहायचं आणि सुनेच्या हातचा चहा प्यायचा. एवढं सोपं होतं. दुसरा कुणीही तेच करता. पण भंगारवाल्याचा आकडा म्हणजे ऐकीव आकडा. काकांनी वही काखेत मारली.

"काका, मी पाचला जाणार हां," रखवालदार स्टुलावरून म्हणाला. "आजचा शेवटचा दिवस माझा."

"खूण दिसली की जा."

हॉल मोकळा झाल्यानं भलताच मोठा वाटत होता. उतरत्या जमिनीवर बोल्टांची भोकं, रांगेनं. खडूचा चुरा. आणि मधोमध एकटी खुर्ची, पडद्याकडे तोंड करून. पाठीवर आकडा नाही. बैठक खाली.

काका दारापासून दहा पावलं गेले आणि थांबले. पुढे पाय उचलेना. ही भीती नव्हे, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. ऑपरेटरची जागा वर असते. सबंध हॉल दिसतो तो वरूनच. वरून बघू, तिथंच बसून लिहू.

ते आतल्या जिन्यानं केबिनमध्ये चढले.

७

केबिनमध्ये मशीन नव्हतं. त्याचा चौथरा होता, भिंतीला टेकवलेलं टेबल होतं, दिव्यांचं बटण होतं. मागचं दार उघडं होतं आणि दारापलीकडे नुसतं आभाळ. लोखंडी जिना सकाळीच कापून नेला होता. खाली बोळ, दोन माणसं खोल.

"सांगायचं तरी," काका पुटपुटले. दार लावून घेतलं.

टेबलावर वही उघडली. स्वतःची बॅटरी वहीशेजारी ठेवली. झरोक्यातून पाहिलं. उघड्या दरवाज्यांमधून आलेला उजेड जमिनीवर लांबट पडला होता, त्याच्या टोकाला खुर्ची.

सहाशे बारा ट्रकमध्ये. एक इथं. सगळ्यांना त्यांनी बुधवारी स्वतः हात लावलेला. काकांनी चिडून, पेन दाबून रकान्यात लिहिलं: ६१३. आयुष्यात पाटीला पहिल्यांदा खोटं पाडलं. लिहिल्यावर बरं वाटलं. चार दिवसांची कटकट एका आकड्यात संपली.

थप्.

त्यांनी मान वर केली. खुर्चीची बैठक वर गेली होती. माणूस उठला की जाते तशी.

हॉलमध्ये कुणी दिसत नव्हतं. काकांनी झरोक्याला कपाळ टेकवलं. कुणीच नव्हतं. उंदीर असेल. स्प्रिंग असेल. ट्रक हलला, जमीन हादरली असेल. ते एकेक कारण जुळवत होते आणि कोणतंही बसत नव्हतं, छप्पन्न फुटांत पस्तिसावी खुर्ची बसत नाही तसं.

मग खुर्चीशेजारून उजेड आला. चमक. चमक.

हॉल रिकामा.

अडतीस वर्षांची सवय. काकांच्या मनाला कळायच्या आत हात बटणावर गेला आणि बटण खाली झालं. वीज दोन वर्षांपूर्वी तोडलेली होती. तरी हॉलमधला उजेड गेला.

एका क्षणानं त्यांना कळलं. दरवाजे. उन्हातल्या स्टुलावरून रखवालदारानं खूण पाहिली होती आणि मोठे दरवाजे ओढून घेतले होते. साखळीचा आवाज आला. मग कुलपाचा.

"अरे!" काका ओरडले. "आहे! आत माणूस आहे!"

पण त्यांनीच शिकवलेलं होतं. कुणी कुणाला हाक मारायची नाही, वाट बघायची नाही. बाहेर ट्रक सुरू झाला. त्याच्या घरघरीत हाक बुडून गेली. मग ट्रकही दूर गेला.

काकांनी टेबल चाचपलं. वही होती. पेन होतं. बॅटरी नव्हती.

खाली पुन्हा उजेड लागला. या वेळी तो चमकून विझला नाही. जमिनीलगत, वाटीएवढा गोल. ही खूण काका ओळखत होते. खेळ सुरू झाल्यावर उशिरा आलेल्या माणसाला डोअरकीपर अशीच वाट दाखवतो. बॅटरी खाली धरून, पायांपुढे, तोंडावर उजेड न टाकता.

गोल नवव्या रांगेतून निघाला. मधल्या वाटेनं मागे आला. जिन्याच्या तोंडाशी दिसेनासा झाला. मग पायऱ्यांवर एकेक करून उजळत वर येऊ लागला. पावलांचा आवाज नव्हता.

काका मागच्या दारापाशी सरकले. दारापलीकडे जिना नव्हता.

उजेड उंबऱ्यावरून आत आला आणि त्यांच्या चपलांपाशी येऊन थांबला. अदबीनं, थोडा पुढे, थोडा मागे हलला. चला, म्हणत असल्यासारखा.

खाली खुर्ची रिकामी होती.